पहिलीनंतरची दुसरी

गणितातल्या स्त्रियांच्या एखाद्या प्रादेशिक परिषदेची कार्यक्रमपत्रिका पाहिली, तर ती अमेरिकेतल्या नेब्रास्काची असो की आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाची, काही गोष्टी ठरलेल्याच दिसतात. सकाळी एक मोठं व्याख्यान, पुष्कळदा कुणा जुन्या गणितज्ञ स्त्रीच्या नावाने दिलं जाणारं. दुपारी विद्यार्थिनींची छोटी भाषणं आणि पोस्टर. मग पीएचडी, नोकरी, घर आणि संशोधन यांची सांगड कशी घालायची यावर मोकळी चर्चा. कुठे चार-पाचजणींचे गट करून एकाच प्रश्नावर काम. शेवटी बारीक अक्षरात प्रवासखर्चाची आणि राहण्याच्या सोयीची ओळ. शनिवार-रविवारचा मामला, सोमवारी सगळ्या आपापल्या वर्गात.

वाचून वाटेल, यात विशेष ते काय? पण ही पत्रिका एका बैठकीत ठरलेली नाही. तिची एकेक ओळ वेगळ्या गावात, वेगळ्या साली, वेगळ्या अडचणीतून आली आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांचा हा माग काढत गेलं की एक गोष्ट वारंवार समोर येते. गणितात ‘पहिली स्त्री’ जवळजवळ प्रत्येक काळात होती. अडलं ते दुसरीपाशी.

न वाचलेलं नाव

‘रँग्लर’ म्हटलं की मराठी वाचकाला परांजपे आठवतात. मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले आणि त्यांचं नाव घराघरांत पोचलं. या परीक्षेचा निकाल म्हणजे एक समारंभच असे. सेनेट हाउसमध्ये क्रमाने नावं वाचली जात, गॅलरीतले विद्यार्थी गलका करत.

परांजप्यांच्या आधी एकोणीस वर्षं, १८८० साली, याच समारंभात आठव्या नावाची पाळी आली तेव्हा गॅलरीतून ‘स्कॉट ऑफ गर्टन’ असा एकच घोष झाला. गर्टन या स्त्रियांच्या महाविद्यालयातल्या शार्लट अँगस स्कॉट हिची उत्तरं आठव्या क्रमांकाच्या तोडीची ठरली होती. पण स्त्रियांना परीक्षेला बसू दिलं जाई ते खास परवानगीने, अनौपचारिकपणे. यादीत नाव नाही, पदवी नाही, समारंभाला हजर राहण्याचीही मुभा नाही. अधिकृतपणे वाचलं गेलं ते दुसऱ्याचंच नाव. पुढच्याच वर्षी केंब्रिजने स्त्रियांना परीक्षेला बसण्याचा आणि निकालात नाव लावून घेण्याचा हक्क दिला. १८९० साली फिलिपा फॉसेट हिला सीनियर रँग्लरच्याही वरचं स्थान मिळालं. पदवी मात्र तिलाही नाही. केंब्रिजने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली.

स्कॉटने बी.एस्सी. आणि डी.एस्सी. लंडन विद्यापीठाकडून मिळवल्या आणि १८८५ साली अमेरिकेची वाट धरली. पेन्सिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर हे स्त्रियांचं महाविद्यालय त्याच वर्षी सुरू होत होतं. तिथला गणित विभाग तिने उभा केला. ब्रिन मॉर हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण या कहाणीतले बरेच धागे पुढे त्याच गावातून जातात.

१८९७ साली झुरिकला पहिली आंतरराष्ट्रीय गणितज्ञ महासभा भरली. २०८ जण जमले होते, त्यांत स्त्रिया चार. त्या चौघींतली एक स्कॉट. १९०० साली पॅरिसच्या महासभेलाही ती गेली. डाव्हिड हिल्बर्टने गणितापुढचे मोठे अनसुटे प्रश्न मांडले तीच ही महासभा. स्कॉटने तिचा वृत्तांत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत लिहिला आणि एक तक्रार स्पष्ट शब्दांत नोंदवली: गणितज्ञ आपले निबंध इतक्या वाईट पद्धतीने सादर करतात की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. व्याख्यान श्रोत्यांसाठी असतं, याची आठवण विद्वानांना करून देणारी ही टीका पुढे या परिषदांत वेगळ्या रूपात परत येते.

१९०६ साली स्कॉट त्या सोसायटीची उपाध्यक्ष झाली. या पदावरची ती पहिली स्त्री. दुसरी स्त्री उपाध्यक्ष व्हायला ७० वर्षं लागली.

सोमवारी चार ते सहा

१९१५ साली हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन यांनी एमी नोदरला गटिंगेनला बोलावलं. बीजगणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सापेक्षतावादातल्या ऊर्जेच्या कोड्यासाठी त्यांना तिची गरज होती. विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी स्त्रीला व्याख्यातेपद द्यायला विरोध केला. मग वाट काढली गेली. १९१६-१७च्या हिवाळी सत्राच्या सूचनेत लिहिलं होतं: गणिती भौतिकीचं चर्चासत्र, प्राध्यापक हिल्बर्ट, डॉ. एमी नोदर यांच्या साहाय्याने, सोमवारी चार ते सहा, शुल्क नाही. शिकवणारी नोदर, नाव हिल्बर्टचं. तिला स्वतःच्या नावाने शिकवण्याचा अधिकार मिळाला १९१९ साली. पगाराचा प्रश्न त्यानंतरही काही वर्षं लोंबकळतच राहिला.

१९३२च्या झुरिक महासभेत नोदरने मुख्य व्याख्यान दिलं. सर्व शाखांच्या गणितज्ञांपुढे होणारी ही व्याख्यानं महासभेतला सर्वोच्च मान समजली जातात. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यू म्हणून तिला गटिंगेनमधून काढून टाकलं. तेव्हा तिला जागा मिळाली ब्रिन मॉरमध्ये. स्कॉटनंतर तिथल्या विभागाची प्रमुख ॲना पेल व्हीलर ही होती. जर्मनीत शिकून आलेल्या व्हीलरला नोदर काय आहे हे नेमकं कळत होतं. ती स्वतःही एक ‘पहिली’ होती: अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची प्रतिष्ठेची कलोक्वियम व्याख्यानं देणारी पहिली स्त्री, साल १९२७.

१९३४-३५मध्ये तरुण ओल्गा टाउस्कीही ब्रिन मॉरला आली. म्हणजे तेव्हा या छोट्या गावात व्हीलर, नोदर आणि टाउस्की अशा दोन पिढ्यांच्या तीन गणितज्ञ स्त्रिया एकत्र होत्या. परिषद असं कुणी म्हटलं नसेल, पण आजच्या परिषदा जे घडवू पाहतात ते तिथे सहज घडत होतं. एप्रिल १९३५मध्ये शस्त्रक्रियेनंतर नोदर गेली. तिची रक्षा ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या ओवरीत पुरली आहे.

इथे थोडा हिशेब मांडायला हवा. व्हीलरनंतर कलोक्वियम व्याख्यानं देणारी दुसरी स्त्री ज्युलिया रॉबिन्सन, १९८० साली. मधे ५३ वर्षं. नोदरनंतर महासभेत मुख्य व्याख्यान देणारी दुसरी स्त्री कॅरन उलेनबेक, १९९० साली क्योटोला. मधे ५८ वर्षं. स्कॉटनंतरची ७० वर्षं वर आलीच आहेत. दार एकदा उघडलं की पुढच्या आपोआप आत येतात, हा समज या तीन आकड्यांपुढे टिकत नाही. असामान्य बुद्धीची एखादी स्त्री अपवाद म्हणून आत घेतली जाते, तिचा सत्कार होतो, आणि तिच्यामागे दार पुन्हा लागतं. तिने मिळवलेली ओळख, तिला कळलेल्या खाचाखोचा, कुणाला पत्र लिहावं आणि कुठे अर्ज करावा याची माहिती तिच्याबरोबरच संपते. ती पुढच्या पिढीच्या हाती पडावी यासाठी व्यवस्था लागते. ती उभी राहायला १९७१ साल उजाडलं.

अटलांटिक सिटीतली बैठक

जानेवारी १९७१मध्ये अमेरिकेतल्या गणित संस्थांचं संयुक्त वार्षिक अधिवेशन अटलांटिक सिटीत भरलं. तिथे जमलेल्या काही स्त्रियांनी वेगळी बैठक घेतली आणि त्यातून ‘असोसिएशन फॉर विमेन इन मॅथेमॅटिक्स’ जन्मली. मेरी ग्रे तिची पहिली अध्यक्ष.

ग्रे यांचा त्या काळातला एक किस्सा अमेरिकन गणितविश्वात अजून सांगितला जातो. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक कशी चालते हे पाहायला त्या जाऊन बसल्या. त्यांना सांगण्यात आलं, ही बैठक फक्त सदस्यांसाठी आहे. घटनेत तसा नियम कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नियम नाही, पण सभ्य गृहस्थांमधला तसा करार आहे, असं उत्तर मिळालं. मी सभ्य गृहस्थ नाही हे तर उघडच आहे, असं म्हणून त्या बसूनच राहिल्या. १९७६ साली याच ग्रे सोसायटीच्या उपाध्यक्ष झाल्या. स्कॉटनंतरची ‘दुसरी’ त्या.

किस्सा मजेदार असला तरी मुद्दा व्यवहाराचा होता. त्या काळी नोकऱ्या, आमंत्रणं, संपादकपदं आणि शिफारशी बऱ्याच अंशी ओळखीपाळखीतून जात. कुठे जागा रिकामी होते आहे, हे चहाच्या टेबलावर कळे. त्या टेबलावर जी नसे तिला ते कळतच नसे. नव्या संघटनेचं पहिलं हत्यार होतं एक साधं वार्तापत्र. चार लोकांत फिरणारी माहिती त्यातून सर्वजणींपर्यंत जाऊ लागली. आजच्या परिषदेतली ‘पुढे काय’ ही चर्चा म्हणजे त्या वार्तापत्राचंच तोंडी रूप.

कार्यक्रमपत्रिकेतली पहिली ओळ, म्हणजे स्त्रीच्या नावाचं व्याख्यान, आली १९८० साली. संघटनेने नोदर व्याख्यान सुरू केलं आणि पहिला मान दिला जेसी मॅक्विल्यम्सना. बेल लॅबमध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागलेल्या या बाईंनी हार्वर्डची पीएचडी मिळवली ती १९६२ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. संदेशातल्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या गणितात त्यांचं नाव कायमचं आहे. संशोधनाला वयाची अट नसते, हे आरंभीच्या निवडीतूनच सांगितलं गेलं. दुसरं व्याख्यान, १९८१ साली, दिलं ओल्गा टाउस्की-टॉड यांनी. ब्रिन मॉरला नोदरच्या सहवासात राहिलेली तीच टाउस्की.

१९८२ साली नोदरची जन्मशताब्दी आली. मार्च महिन्यात ब्रिन मॉरमध्येच या संघटनेने परिसंवाद भरवला. त्या वेळी संघटनेच्या अध्यक्ष होत्या भामा श्रीनिवासन. मद्रासला जन्मलेल्या, मँचेस्टरला पीएचडी केलेल्या, काही वर्षं मद्रासच्या रामानुजन संस्थेत शिकवून १९७०मध्ये अमेरिकेला गेलेल्या. स्कॉटने उभारलेल्या विभागात, व्हीलरने आसरा दिलेल्या नोदरच्या नावाने, भारतात जन्मलेल्या अध्यक्षांच्या काळात भरलेला हा परिसंवाद म्हणजे आजच्या परिषदांची खरी आजी. त्यात पोटतिडकीची भाषणं नव्हती, बीजगणित होतं. स्त्रियांची परिषद ही आधी गणिताची परिषद असते, हा पायंडा तिथे पक्का झाला.

न समजलं तर थांबवायचं

१९८६ साली बर्कलीच्या महासभेत अमेरिकन संघटनेने एक चर्चा ठेवली. तिथे जमलेल्या युरोपातल्या काहीजणींना वाटलं, आपल्याकडे असं का नसावं? बोडिल ब्रानर, कॅरोलाइन सिरीज, मारी-फ्रान्स्वाज रॉय आणि त्यांच्या सहकारी पुढे झाल्या आणि त्याच वर्षाअखेर पॅरिसला ‘युरोपियन विमेन इन मॅथेमॅटिक्स’ची पहिली बैठक झाली. पुढे कोपनहेगन, वॉरिक, लिस्बन अशी ती देशोदेशी फिरली.

या युरोपीय बैठकांनी परिषदेच्या रीतीतच बदल केला. वेगवेगळ्या शाखांच्या स्त्रिया एकत्र येत असल्याने संख्यासिद्धांतवालीचं व्याख्यान भूमितीवालीला कळलं पाहिजे, असा आग्रह होता. काही सत्रांत तर श्रोत्यांपैकी एकीला कामच नेमून दिलेलं असे: व्याख्यान डोक्यावरून जाऊ लागलं की तिने मधेच थांबवून अगदी प्राथमिक प्रश्न विचारायचा. न समजल्याची लाज कुणा नवख्या मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती आधीच वाटून घेतलेली. स्कॉटच्या १९००मधल्या तक्रारीला ८० वर्षांहून अधिक काळाने मिळालेलं हे उत्तर. एखाद्या प्रादेशिक परिषदेत पदवीच्या वर्गातली मुलगी हात वर करून मूलभूत प्रश्न विचारू शकते, त्यामागे हा वारसा आहे.

लिंकन गावाची वाट

इथवरच्या बहुतेक हालचाली कुठल्या ना कुठल्या मोठ्या अधिवेशनाच्या कडेने झाल्या. अटलांटिक सिटी असो, बर्कली असो, आधी मोठी सभा आणि तिच्या मांडवात आपली बैठक. याचा अर्थ असा की, जी मोठ्या सभेला पोचली तीच या बैठकीला पोचणार. पीएचडी झालेली, नोकरीत असलेली, प्रवासाला पैसा आणि रजा असलेली. गणित आवडणारी, पण छोट्या महाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी यात कुठेच नव्हती. आणि गळती तर तिथेच होती.

ही उणीव भरून निघाली अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांच्या मुलखात. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन इथल्या गणित विभागाला पीएचडीच्या विद्यार्थिनींना चांगलं मार्गदर्शन केल्याबद्दल १९९८ साली राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. त्याच पार्श्वभूमीवर १९९९ साली विभागाने पदवीच्या वर्गातल्या विद्यार्थिनींसाठी परिषद भरवली. ती दरवर्षी भरू लागली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे इथे मुली ऐकायला येतात तशा बोलायलाही येतात. उन्हाळ्यात केलेलं छोटं संशोधन त्या फळ्यापुढे उभं राहून मांडतात, पोस्टर लावतात आणि प्राध्यापक स्त्रियांच्या शेजारी बसून जेवतात. आपल्यासारख्या इतक्याजणी आहेत, हे अनेकींना तिथेच पहिल्यांदा दिसतं. वर्गात एकटी-दुकटी असलेल्या मुलीला या दर्शनाचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

पुढची पायरी संशोधनाची. क्योटोचं व्याख्यान देणाऱ्या उलेनबेक यांनी च्यू-लियन टर्ंग यांच्या साथीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेचा स्त्रियांसाठीचा वार्षिक कार्यक्रम उभा केला. ५८ वर्षांची खिंड ओलांडणारीने मागच्यांसाठी पूल बांधला, असं हे उदाहरण. २००८ साली कॅनडातल्या बान्फला क्रिस्टिन लॉटर, रेचल प्राइस आणि रेनाटे शाइडलर यांनी संख्यासिद्धांतातल्या स्त्रियांची कार्यशाळा घेतली. तिथे व्याख्यानं कमी आणि काम जास्त होतं. अनुभवी आणि नवख्या स्त्रियांचे मिळून गट, प्रत्येक गटाला एक प्रश्न, आठवडाभर डोकेफोड आणि पुढे संयुक्त शोधनिबंध. ओळख करून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बरोबर काम करणं. ही रीत पुढे गणिताच्या इतर शाखांतही गेली. छोट्या परिषदांतलं गटकाम तिच्याच घराण्यातलं.

पाटणचा शिलालेख आणि हैदराबाद

आपल्याकडे हा प्रवाह उघडपणे दिसला २०१० साली. गणितज्ञांची महासभा पहिल्यांदाच भारतात, हैदराबादला भरली. तिच्या आदल्या दोन दिवसांत, १७ आणि १८ ऑगस्टला, हैदराबाद विद्यापीठात गणितज्ञ स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १९ तारखेला महासभेत गणितातली मानाची फील्ड्‌स पदकं दिली ती तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी. याच महासभेत लीलावती पुरस्कार सुरू झाला. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचं नाव असलेला हा पुरस्कार गणित लोकांपर्यंत नेणाऱ्याला दिला जातो.

प्रतिभा पाटील जळगाव जिल्ह्यातल्या आणि भास्कराचार्यांच्या घराण्याचा पुरावाही त्याच जिल्ह्यातला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि त्याला राजाश्रय मिळाला, हे त्यात नोंदलं आहे. पणजोबा-खापरपणजोबांपासूनची घराण्याची नामावळीही आहे. सगळी नावं पुरुषांची. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिचं लग्न मोडलं आणि वडिलांनी तिच्या समाधानासाठी ग्रंथाला तिचं नाव दिलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७च्या फारसी भाषांतरातून, म्हणजे ग्रंथानंतर चार शतकांनी. नातवाला मठ मिळाला, मुलीच्या वाट्याला आख्यायिका आली. विद्येचा वारसा चालतो तो मठाने, हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. तो कुणासाठी काढायचा, एवढाच प्रश्न होता.

महाराष्ट्रात आधुनिक काळात या प्रश्नाला हात घातला तो एका गणिताच्या शिक्षकाने. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि १९१६ साली त्यांनीच स्त्रियांचं विद्यापीठ स्थापलं. शिक्षणाचं दार उघडलं, पण शिक्षणापासून संशोधनापर्यंतची वाट लांब होती. मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठात एम.ए.ला सुवर्णपदक मिळवून पहिल्या आल्या आणि त्यांची पीएचडी पूर्ण झाली १९८१ साली. मधल्या सतरा वर्षांत संसार होता, तीन मुली होत्या, केंब्रिजमधलं अध्यापन होतं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम होतं. ‘गणितगप्पा’ लिहून त्यांनी मराठी मुलांना गणिताशी बोलायला शिकवलं. त्यांच्यासारख्या बुद्धीच्या बाईला सतरा वर्षं लागली. बाकीच्या किती वाटेतच थांबल्या, त्याची नोंद कुठे होत नाही. घर आणि संशोधन यांवरच्या चर्चासत्राला गणिताच्या परिषदेत काय काम, असं विचारणाऱ्याने या दोन सालांकडे पाहावं.

मुंबईतच, त्याच टाटा संस्थेत, दुसरीची समस्या सुटल्याचं एक उदाहरण मिळतं. रामन परिमला यांना १९८७ साली गणितातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दुसऱ्या ठरल्या सुजाता रामदोराई, २००४ साली. त्यांची पीएचडी परिमला यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली होती. तिसऱ्या नीना गुप्ता, २०१९ साली. पहिलीने घडवल्यावर दुसरी आली. हैदराबादच्या महासभेत मुख्य व्याख्यान देणाऱ्यांत परिमलाही होत्या आणि २०१३ साली अमेरिकेतलं नोदर व्याख्यान त्यांनीच दिलं.

पण एक गुरू अशा किती शिष्या घडवणार? त्यासाठी २००९ साली ‘इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स’ हा उपक्रम सुरू झाला. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा त्याला आधार आहे. वार्षिक परिषद तर भरतेच, शिवाय ठिकठिकाणी प्रादेशिक कार्यशाळा होतात. आपल्याकडे या ‘प्रादेशिक’ला नेब्रास्काहूनही जास्त अर्थ आहे. एम.एस्सी.ला असलेल्या मुलीला आठवडाभर परगावी पाठवायचं की नाही हे अनेक घरांत अजून वडील ठरवतात. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला रजा मिळते ती दोन दिवसांची, आणि घरी शाळकरी मूल असतं. परिषद एसटीच्या एका प्रवासाच्या अंतरावर असेल तरच ती तिच्यासाठी आहे.

वेगळी चूल कशाला?

या परिषदांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गणिताला लिंग नसतं, मग ही वेगळी चूल कशाला? आक्षेप घेणाऱ्यांत स्त्रियाही असतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. परिषद भरवून कर्तव्य पार पाडल्याचं समाधान मिळतं आणि मूळ विभागाच्या व्याख्यानमालेत वर्षभर एकाही बाईला बोलावलं जात नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तर वेगळ्या चुलीने फक्त मुख्य घराची सोय केली, असंच म्हणावं लागेल.

मात्र इतिहासाचा क्रम ध्यानात घ्यायला हवा. स्कॉटचं नाव वाचलं गेलं नाही, नोदरचा वर्ग हिल्बर्टच्या नावावर चालला, ग्रेंना बैठकीतून उठायला सांगितलं गेलं. चूल आधी त्यांची वेगळी केली गेली. त्यांनी फक्त तिच्यावर रांधायला घेतलं.

शिवाय या परिषदांची दिशा आत येण्याची आहे. हैदराबादची परिषद महासभेच्या आदल्या दिवसांत होती. २०१४ साली सेऊलच्या महासभेबरोबरही अशी परिषद झाली आणि त्याच महासभेत इराणच्या मरियम मिर्झाखानीला फील्ड्‌स पदक मिळालं. १९३६पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाची पहिली स्त्री मानकरी. २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय गणित संघाने स्त्रियांसाठी समिती स्थापन केली, जी आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या प्रादेशिक उपक्रमांना मदत करते. २०१७ साली मिर्झाखानी चाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी रिओतल्या स्त्रियांच्या जागतिक मेळाव्यात इराणी गणितज्ञ स्त्रियांनी सुचवलं की तिचा जन्मदिवस, १२ मे, गणितातल्या स्त्रियांचा दिवस म्हणून पाळावा. त्याला ना मुख्य कार्यालय लागतं, ना मोठा निधी. एका वर्गात एक व्याख्यान ठेवलं तरी पुरतं. प्रादेशिक परिषदेचं हे सर्वांत लहान आणि कुठेही रुजणारं रूप.

२०२२ साली युक्रेनच्या मरिना व्याझोव्स्काला फील्ड्‌स पदक मिळालं. तोवरच्या ६४ मानकऱ्यांत ती दुसरी स्त्री. ६४मध्ये दोन ही संख्या लाजिरवाणीच आहे. पण पहिली आणि दुसरी यांच्यामधलं अंतर पाहा: ७०, ५३, ५८, आणि आता ८. या आठ वर्षांचं श्रेय परिषदांना देणं भाबडेपणाचं होईल. पदक मिळतं ते गणिताला. मात्र गणित करणारी टिकून राहावी यासाठी जी माहिती, जो परिचय आणि जी सोबत लागते, ती पुरवण्याचं काम या परिषदांनी केलं आहे.

तेव्हा गणित विभागांना एक सुचवावंसं वाटतं. १२ मेला दरवर्षी उन्हाळी सुट्टी असते, ही अडचण खरी. जून-जुलैत का होईना, एक दिवस काढा. जवळच्या चार महाविद्यालयांतल्या मुलींना बोलवा, येण्याजाण्याचं भाडं द्या आणि त्यांना फळ्यापुढे बोलू द्या. मग वर्षाअखेर आपल्या नेहमीच्या व्याख्यानमालेची यादी काढून तीत स्त्रियांची नावं किती आहेत ते मोजा. एक असेल, तर काम निम्मंच झालं आहे.